घर बदलल्यावर रोजचा प्रवास: सवय लागण्याची घाई करू नका

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. दीड महिन्यापूर्वी त्यांनी घर बदलले. जुन्या घरापासून कामाचे ठिकाण चालत पंधरा मिनिटांवर होते; आता आधी बस, मग रेल्वे आणि शेवटी थोडे चालणे असा एका बाजूचा तासाभराहून अधिक प्रवास करावा लागतो. नवे घर सगळ्यांना आवडले आहे, पण आठवड्यातून एकदा-दोनदा कामावर पोहोचायला उशीर होतो, संध्याकाळी घरी आल्यावर कशातच मन लागत नाही, आणि सुटीच्या दिवशी रात्रीपासूनच दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाची धास्ती वाटू लागते. याची सवय किती दिवसांत होते, तोवर काय करावे, आणि घर बदलण्यात आपली चूक तर झाली नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

वाहतूक नियोजनात मी बरीच वर्षे काम करत आहे. फेऱ्यांची वेळापत्रके आखणे, प्रवासाला प्रत्यक्षात लागणाऱ्या वेळांच्या नोंदी तपासणे आणि कार्यालय दुसरीकडे हलल्यावर तेथील कर्मचाऱ्यांना नवे मार्ग ठरवून देणे, हे माझे रोजचे काम. त्या अनुभवावरून माझा पहिला सल्ला असा की, या प्रवासाची सवय लागण्याची घाई करू नये. सवय लागेलच, पण ज्या मार्गाची आणि ज्या वेळेची ती लागेल तो मार्ग आणि ती वेळ बहुधा पहिल्या आठवड्यात, सामानाची खोकी अजून उघडायची असताना, घाईघाईने निवडलेली असते. एकदा अंगवळणी पडलेला मार्ग माणूस पुन्हा तपासत नाही.

याचा चांगला पुरावा लंडनमध्ये मिळाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथील भुयारी रेल्वेचा दोन दिवसांचा संप झाला, बरीच स्थानके बंद राहिली आणि अनेकांना नाइलाजाने वेगळ्या मार्गाने जावे लागले. लारकॉम, राउख आणि विलेम्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासी कार्डांवरील नोंदी तपासल्या, तेव्हा संप मिटल्यावरही साधारण वीसात एक प्रवासी आपल्या जुन्या मार्गावर परतला नसल्याचे दिसले. म्हणजे या लोकांना रोजच्या वाटेपेक्षा सोयीची वाट उपलब्ध होती आणि ती शोधण्यासाठी संप व्हावा लागला. त्याचे एक कारण नकाशात होते. लंडनचा भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ पासून हॅरी बेक यांच्या पद्धतीने, सरळ आणि तिरप्या रेषांत काढला जातो. तो वाचायला सोपा असतो, पण स्थानकांमधली खरी अंतरे त्यावरून कळत नाहीत. आपल्या फोनवरचा नकाशा अंतर बरोबर दाखवतो, तरी जिना चढायला लागणारा वेळ, रस्ता ओलांडताना थांबावे लागणारे सिग्नल, भरून आलेली आणि म्हणून सोडून द्यावी लागलेली बस, यांतले सगळे काही त्याला कळत नाही. ते तुम्हालाच टिपावे लागते.

घर बदलल्यानंतरचे पहिले काही आठवडे या कामासाठी फार मोलाचे असतात. सवयींचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ बास व्हर्प्लांकेन यांनी असे मांडले आहे की, राहण्याची जागा बदलली की जुन्या सवयींना चालना देणाऱ्या खुणा नाहीशा होतात आणि त्या काळात माणूस नव्या पर्यायांचा विचार अधिक मोकळेपणाने करतो. त्यांच्या आणि डेबोरा रॉय यांच्या २०१६ मधील अभ्यासात हा काळ साधारण तीन महिन्यांचा असल्याचे दिसले. तुमचे त्यातले सहा आठवडे गेले आहेत, सहा-सात उरले आहेत. सवय पक्की व्हायला किती दिवस लागतात याचे एकच उत्तर नाही. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या पाहणीत मध्यक, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या आत येतात तो आकडा, ६६ दिवसांचा आला, पण व्यक्तीनुसार आणि कृतीनुसार तो आकडा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. त्यामुळे सहा आठवड्यांत सवय झाली नाही, याचा अर्थ तुमच्यात काही कमी आहे असा मुळीच होत नाही.

आता नोंदीविषयी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. खिशात मावेल अशी एक छोटी वही घ्या आणि सलग दहा कामाच्या दिवशी या पाच वेळांची नोंद करा: घराचे दार ओढून घेतले ती वेळ, थांब्यावर पोहोचलात ती, बस सुटली ती, रेल्वे फलाटावरून हलली ती, आणि आपल्या कामाच्या जागी जाऊन बसलात ती. इमारतीच्या फाटकाशी पोहोचल्याची वेळ लिहू नका. फाटकापासून जागेपर्यंतची सहा-सात मिनिटे लोक हमखास विसरतात आणि उशीर नेमका तेवढाच झालेला असतो. समजा, दहा दिवसांत दारापासून जागेपर्यंत अनुक्रमे ५८, ६१, ६०, ६४, ५९, ७३, ६२, ६०, ८८ आणि ६३ मिनिटे लागली. सरासरी येते जवळजवळ ६५. बहुतेक जण ही सरासरी मनात धरून घरातून निघतात, आणि या आकड्यांनुसार दहापैकी दोन दिवस उशिरा पोहोचतात. तुम्ही लिहिलेले प्रमाण जवळपास हेच आहे. हाच माणूस ७५ मिनिटे हाताशी ठेवून निघाला, तर उशीर दहातून एकदाच होईल. ८८ मिनिटांच्या दिवसासाठी रोज घर लवकर सोडण्यात अर्थ नाही. त्या दिवशी काय बिघडले ते शेजारी लिहून ठेवावे आणि तसे पुन्हा झाले तर कोणाला कळवायचे हे आधी ठरवून ठेवावे. रस्त्यांच्या भरवशाचा विचार करताना आम्ही व्यावसायिकही सरासरीवर विसंबत नाही; वीस दिवसांपैकी एकोणीस दिवस पुरेल असा वेळ कोणता, ते पाहतो.

या दहा आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि माझ्या मते तुमच्या थकव्याचे मूळ तिच्यात आहे. तासभराचा प्रवास थकवतोच, परंतु आज साठ लागतील की नव्वद हे ठाऊक नसणे त्याहून अधिक थकवते. गॅरी एव्हन्स आणि रिचर्ड वेनर यांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. ज्यांना आपला प्रवास बेभरवशाचा वाटत होता, त्यांच्यात ताण अधिक आढळला, आणि हे केवळ त्यांच्या सांगण्यावरून नव्हे, तर लाळेतील कॉर्टिसोल या संप्रेरकाच्या मोजणीतूनही दिसून आले. त्याच भागात पुढे काही प्रवाशांसाठी वाटेत गाडी न बदलता थेट जाण्याची सोय झाली, तेव्हा त्या प्रवाशांचा ताण कमी झाल्याचेही याच अभ्यासकांनी २००३ मध्ये नोंदवले. म्हणून मी सल्ला देताना एकूण मिनिटांकडे नंतर पाहतो आणि एका वाहनातून दुसऱ्यात जाण्याचे सांधे आधी पाहतो. प्रवास बहुतेक वेळा तिथेच निखळतो.

तुमच्या प्रवासातला सांधा बस आणि रेल्वे यांच्यामधला आहे. रेल्वे दर बारा मिनिटांनी सुटत असेल, तर बसने केलेला एका मिनिटाचा उशीर तुमच्यापर्यंत येईतो बारा मिनिटांचा होतो. उलट घरातून पाच मिनिटे आधी निघाल्याने आधीची बस मिळत असेल, तर त्या पाच मिनिटांनी कधीकधी बारा मिनिटे वाचतात. आणि तशी बस मिळत नसेल, तर पाच मिनिटे आधी निघून काहीच हाती लागत नाही, थांब्यावर तेवढे जास्त उभे राहावे लागते. त्यामुळे 'थोडे लवकर निघत जा' हा सगळेच देतात तो सल्ला अपुरा आहे. कोणत्या मिनिटाला निघाल्यावर कोणती बस आणि पुढे कोणती रेल्वे सापडते, हे वहीवरून काढावे लागते. दहा दिवसांच्या नोंदीत घर सोडण्याच्या अशा एक-दोन वेळा स्पष्ट दिसतात, ज्यांच्या अलीकडे निघाले तर गाड्या एकमेकींना जुळतात आणि पलीकडे गेले की सारे कोलमडते. ती वेळ सापडली की ती पाळावी आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी.

बसची वाट पाहण्याचेही एक गणित आहे, जे न समजल्यामुळे लोक स्वतःच्या नशिबाला बोल लावतात. बस दर दहा मिनिटांनी अगदी नियमित येत असेल, तर वेळ न पाहता थांब्यावर येणाऱ्याला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. पण दोन बस पाठोपाठ येऊन त्यांच्यामागे मोठी खिंड पडत असेल, म्हणजे एक अंतर दोन मिनिटांचे आणि पुढचे अठरा मिनिटांचे असेल, तर बस पूर्वीइतक्याच असूनही सरासरी थांबणे आठ मिनिटांच्या वर जाते, कारण आपण थांब्यावर येण्याची शक्यता अठरा मिनिटांच्या खिंडीतच जास्त असते. मागे राहिलेल्या बससाठी थांब्यावर अधिक माणसे साचतात, ती चढेपर्यंत ती बस आणखी मागे पडते, आणि मागची रिकामी बस तिला गाठते. जोड्या अशा तयार होतात. मार्गाच्या सुरुवातीला ही जोडगोळी क्वचित दिसते, पुढे पुढे वाढत जाते. म्हणून चालत सात-आठ मिनिटांवर मार्गाचा पहिला किंवा दुसरा थांबा असेल, तर तिथवर चालत जाणे बहुधा फायद्याचे ठरते: बस वेळेवर सुटते, बसायला जागा मिळते, आणि पायांनाही काम मिळते. थांब्यावर घालवलेली मिनिटे गाडीतल्या मिनिटांपेक्षा बरीच जड वाटतात, म्हणून तीच मिनिटे चालण्यात घालवली तर एकूण वेळ तेवढाच राहूनही प्रवास हलका वाटतो.

गर्दीच्या वेळेबद्दल थोडक्यात. रस्ता त्याच्या क्षमतेच्या जवळ भरत आला की पुढची थोडी वाहनेही फार मोठा फरक पाडतात. अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने १९६४ मध्ये मांडलेले प्रवासाच्या वेळेचे जे सूत्र नियोजक अजून वापरतात, त्यात रहदारी आणि क्षमता यांच्या गुणोत्तराचा चौथा घात घेतला जातो. त्यामुळे निघण्याच्या वेळेत पंधरा-वीस मिनिटांचा बदल केल्याने बसचा वेळ कधीकधी अनपेक्षित प्रमाणात कमी होतो. उरलेल्या आठवड्यांपैकी एक आठवडा वीस मिनिटे आधी निघून पाहा आणि जमल्यास एक आठवडा वीस मिनिटे उशिरा. कामावर येण्याची वेळ बदलून मागायची असेल, तर वरिष्ठांकडे वही घेऊन जा. 'प्रवासाचा त्रास होतो' या वाक्यापेक्षा 'साडेआठला निघालो की ७२ मिनिटे, नऊला निघालो की ५५' हे वाक्य ऐकून घेतले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

रेल्वेच्या बाबतीत लहान वाटणारी एक गोष्ट करून पाहा. उतरण्याच्या स्थानकावर जिना फलाटाच्या कोणत्या टोकाला आहे ते पाहून ठेवा आणि चढताना त्या बाजूच्या डब्यात चढा. गाडी रिकामी होताना जिन्यापाशी जी रांग साचते, तिच्या पुढे उतरणारा आणि मागे उतरणारा यांच्यात गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांचा फरक सहज पडतो, आणि परतीच्या वेळी तेवढ्यानेच बस सापडते किंवा हुकते.

आता झोपेकडे वळतो, कारण नव्या प्रवासाची किंमत बहुतेक जण तिथूनच चुकवतात. जुन्या घरी दोन्ही बाजूंचा मिळून अर्धा तास जात होता, आता सव्वादोन-अडीच तास जातात. म्हणजे दिवसातले सुमारे दोन तास कुठून तरी आले आहेत. ते कुठून आले हे ठरवले नाही, तर ते झोपेतून येतात: सकाळी लवकर उठणे भाग पडते आणि रात्री झोपण्याची वेळ मात्र जुनीच राहते. मॅथियास बास्नर यांनी अमेरिकेतील लोकांच्या दैनंदिन वेळवाटपाची मोठी पाहणी तपासली, तेव्हा झोप कमी घेणाऱ्यांचा वेळ प्रामुख्याने काम आणि प्रवास यांत गेलेला दिसला. प्रौढ माणसाला नियमितपणे सात तास तरी झोप हवी, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. शरीराचे घड्याळ एका रात्रीत तासभर अलीकडे येत नाही, त्यामुळे आज एकदम तासभर आधी अंथरुणावर पडून काही साधत नाही. डोळे मिटून पडून राहावे लागते आणि झोपच उडाल्यासारखे वाटते. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे, या गतीने झोपण्या-उठण्याच्या वेळा अलीकडे आणाव्यात, उठल्याबरोबर उजेडात जावे, रात्री शेवटच्या तासात दिवे आणि फोन-टीव्हीचे पडदे मंद ठेवावेत, आणि सुटीच्या दिवशी उठण्याची वेळ तासाभराहून जास्त लांबवू नये. सुटीच्या रात्री तुम्हाला जी धास्ती वाटते, तिच्यात त्या दिवशी उशिरापर्यंत झोपल्यामुळे न येणाऱ्या झोपेचाही वाटा असण्याची शक्यता आहे. उरलेला वेळ कुठून आणायचा, कोणते काम रात्री उरकायचे, कोणते दुसऱ्या कोणी उचलायचे, हे घरात एकदा बसून ठरवावे. घर सर्वांसाठी बदलले आहे, तर त्याचा भार एकट्याच्या झोपेवर पडू देणे योग्य नाही.

प्रवासात काय करावे, असे बरेच जण विचारतात. बसमध्ये वाचू नये. डोळे स्थिर पानावर आणि आतला कान हेलकाव्यांवर, या विसंगतीने मळमळ होते आणि दिवसाची सुरुवातच खराब होते. बसमध्ये ऐकावे, समोरच्या दिशेला तोंड करून बसावे, वाचन रेल्वेसाठी राखून ठेवावे. परंतु माझा खरा आग्रह वेगळा आहे. जुन्या घरापासूनचे ते पंधरा मिनिटांचे चालणे तुम्हाला घरातून कामात आणि कामातून घरात आणून सोडत होते. लोकांना प्रवास अजिबात नकोच असतो असे नाही. रेडमंड आणि मोख्तारियान यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लोकांनी सांगितलेला आदर्श प्रवास सरासरी सोळा मिनिटांचा निघाला. तुमच्याकडे नेमका तेवढा प्रवास होता आणि तो गेला, त्याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. तो परत मिळवता येतो. सकाळी शेवटच्या चालण्याच्या टप्प्यात दिवसातली पहिली दोन कामे कोणती, एवढेच मनाशी ठरवावे. संध्याकाळी रेल्वेत बसल्यावर राहिलेली कामे वहीत लिहून ती वही बंद करावी आणि त्यानंतर कामाचा निरोप फोनवर पाहू नये. घरी आल्यावर कशात मन लागत नाही असे तुम्ही लिहिले आहे. त्यात शरीराच्या थकव्याइतकाच न मिटलेल्या कामाचा भाग असतो, असा माझा अनुभव आहे.

स्वतः वाहन चालवून जाण्याचा विचार तुमच्या मनात असेल, तर एकच सांगतो. झोप पुरी होत नाही तोवर तो पर्याय निवडू नका. पेंगुळलेल्या माणसाला आपण पेंगुळलो आहोत हे उशिरा कळते.

शेवटी, घर बदलण्यात चूक झाली का, या प्रश्नाकडे. यावर संशोधकांतही एकमत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतील पाहण्यांच्या आधारे २००८ मध्ये दाखवले की, लांबचा प्रवास करणाऱ्यांचे समाधान कमी असते आणि चांगले घर किंवा जास्त पगार यांनी ती उणीव पुरेशी भरून निघत नाही. त्यानंतर ब्रिटनमधील आकडेवारीवर झालेल्या २०१४ च्या एका अभ्यासात असा ठळक संबंध आढळला नाही. माझ्या पाहण्यातली माणसेही दोन्ही प्रकारची आहेत. ज्यांना या प्रवासाशी जुळवून घेता आले, त्यांचा प्रवास कमी अंतराचा होता असे नाही. तो रोज जवळजवळ सारखा होता आणि तो तसा व्हावा म्हणून त्यांनी सुरुवातीला कष्ट घेतले होते. ज्यांना जमले नाही, त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या आठवड्यातला मार्ग वर्षभर तसाच रेटला होता.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर आज देऊ नका. नव्या मार्गाने जाताना वेळ मुळातच जास्त लागल्यासारखा वाटतो, आणि तुमचा मार्ग अजून नवाच आहे. पुढचे दहा दिवस नोंद करा, त्यानंतरचे चार आठवडे वर सांगितलेले बदल एका वेळी एक असे करून पाहा, कारण दोन बदल एकत्र केले तर कोणत्याचा उपयोग झाला ते कळत नाही. मग पुन्हा दहा दिवसांची नोंद करून दोन्ही पाने शेजारी ठेवा. मिनिटे फारशी कमी झाली नसली तरी चालेल. सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगल्या दिवसातले अंतर तीस मिनिटांवरून बारा-तेरावर आले असेल आणि झोप सात तासांवर गेली असेल, तर हे घर ठेवावे, असे मी म्हणेन. तेवढे करूनही अंतर घटले नाही, तर दोष तुमच्या सवयीचा नाही, त्या मार्गाचा आहे, आणि मग आठवड्यातले दोन दिवस घरून काम, बदललेली वेळ किंवा जवळचे कार्यालय यांपैकी काय मिळू शकते, याची बोलणी त्याच दोन पानांच्या आधारे सुरू करावीत.